मागचे दोन स्पीकर आणि पिनकोड ५९१२३७: एक तक्रार पत्र

निपाणी, दि. ९ जानेवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: ५.१ होम थिएटर संचाची चुकीची जोडणी, उजवीकडचा मागचा स्पीकर नादुरुस्त असणे आणि हद्दीचे कारण सांगून नाकारलेली वॉरंटी सेवा.

महोदय,

दसऱ्याच्या दिवशी, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, मी तुमच्या कंपनीचा ५.१ होम थिएटर संच (पाच स्पीकर आणि जाड आवाजासाठी एक सबवूफर) कोल्हापुरातील तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून २४,५०० रुपयांना घेतला. निपाणीला घरपोच करण्याचे ६०० रुपये वेगळे भरले. बिल, वॉरंटी कार्ड आणि जोडणीच्या दिवशी माझी सही घेतलेल्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. वॉरंटी एक वर्षाची आहे. त्यातले दोन महिने तुमची कोल्हापूर आणि हुबळीची दोन सेवा केंद्रे एकमेकांकडे बोट दाखवण्यात घालवत आली.

हा संच कोणासाठी घेतला ते आधी सांगते, म्हणजे मी इतक्या तपशिलात का लिहिते आहे ते तुमच्या लक्षात येईल. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, निपाणीतल्या एका टॉकीजमध्ये एकतीस वर्षे ऑपरेटर होते. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडायचा, एक रीळ संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसायचा आणि त्या क्षणी दुसरे मशीन चालू करायचे, असे ते काम. गेल्या दोन वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली. टीव्हीवर आता त्यांना हलत्या सावल्यांपलीकडे फारसे दिसत नाही. सिनेमा ते कानांनी बघतात. गाडी कुठून आली, दार कुठल्या बाजूला वाजले, पाऊस बाहेर पडतोय की माणूस पावसात उभा आहे, हे त्यांना आवाजावरूनच कळते. म्हणून पाच बाजूंनी आवाज देणारा संच घ्यायचा असे मी ठरवले. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्यासाठी ही रक्कम लहान नव्हती.

१५ ऑक्टोबरला तुमच्या कोल्हापूर केंद्राचा तंत्रज्ञ आला. मुलगा बोलायला चांगला होता, पण त्याला त्याच दिवशी आणखी चार घरे करायची होती आणि तो घाईत होता हे दिसत होते. आमचे घर जुने आहे. सोप्याच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या, भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात जाड. त्याने मागच्या भिंतीत ड्रिल घातले तेव्हा विटेचा तुकडा निघण्याऐवजी ओंजळभर माती खाली आली, आणि प्लग बसेना. जुन्या निपाणीत, चिकोडीत, बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत अशी घरे अजून पुष्कळ आहेत. तुमच्या माणसाला ते ठाऊक असायला हवे होते. भिंत धरत नसेल तर स्पीकर स्टँडवर ठेवता येतात, ते विकतही मिळतात. त्याने तसे सांगितले असते तर मी त्याच संध्याकाळी आणले असते. त्याने काय केले, तर मागचे दोन्ही स्पीकर पुढेच, टीव्हीच्या शोकेसवर, पुढच्या दोन स्पीकरना चिकटून ठेवले. आणि मागच्या स्पीकरसाठी खोक्यात आलेल्या दोन लांब वायरी "लोंबकळायला नकोत" म्हणून कात्रीने दोन-दोन मीटरवर कापल्या. उरलेली वायर तो सोबत घेऊन गेला.

तुमच्या माहितीपुस्तिकेतच चित्र आहे. बसण्याच्या जागेवरून समोरचा पडदा शून्य अंश धरला तर मागचे स्पीकर दोन्ही बाजूंना ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या थोडे मागे, आणि बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा जरा उंच असावेत. आमचा सोपा सोळा फूट लांब आणि अकरा फूट रुंद आहे. त्यात हे सहज बसते. पाचही स्पीकर समोर एका ओळीत मांडले तर ग्राहकाने पाच स्पीकरचे पैसे कशासाठी दिले?

तरी मी त्या दिवशी सही केली. ती का केली हेही लिहिते, कारण तीच सही आता तुम्ही मला दाखवता. त्याने रिमोटवरून टेस्ट टोन लावला. एकेका स्पीकरमधून खरखर आवाज फिरत गेला. मला वाटले, पाचही चालू आहेत म्हणजे झाले. नंतर कळले की टेस्ट टोन ॲम्प्लिफायरच्या पोटातच तयार होतो. टीव्हीतून काय येते आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम नावाचा पर्याय ठेवलेला होता. आमच्या टीव्हीत तसे ठेवले की एचडीएमआयच्या एआरसी जोडणीतून, म्हणजे टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणाऱ्या वायरीतून, फक्त डावा आणि उजवा असे दोनच चॅनल बाहेर पडतात. मागच्या स्पीकरना त्यांचा वेगळा आवाज मिळतच नाही. हे झाकायला त्याने ॲम्प्लिफायरवर असा मोड लावून दिला की सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज यावा. घरभर दणका होता. सराउंड नव्हते.

हे माझ्या लक्षात आले नाही, आप्पांच्या आले. त्या रात्री सिनेमा लावला आणि दहाव्या मिनिटाला ते म्हणाले, "आगं, मान्सं पडद्यात बोलत्यात आणि आवाज समद्याकडनं का येतोय? आणि पोकळ लागतोय. कायतरी उलटं जोडलंय बघ." टॉकीजमध्ये पडद्याला बारीक भोके असतात आणि बोलण्याचा भोंगा पडद्याच्या मागे असतो, म्हणून संवाद नटाच्या तोंडातून आल्यासारखे वाटतात. हे ते आयुष्यभर ऐकत आलेले. तुमच्या संचातला मधला स्पीकर त्याच कामासाठी असतो ना?

दिवाळीत माझा भाचा आला. बेळगावला इंजिनिअरिंगला आहे. त्याने तुमचीच पुस्तिका वाचून अर्ध्या दिवसात काय काय चुकले आहे ते काढले. आप्पा म्हणाले तेच निघाले. पुढच्या डाव्या स्पीकरची लाल आणि काळी वायर अदलाबदल झाली होती. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा, आणि जाड आवाज मधल्या मध्ये एकमेकांना खाऊन टाकायचे. त्याने वायर सरळ केली आणि टीव्हीतले पीसीएम बदलले. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून स्पीकरची वायर आणून तुमच्या माणसाने कापलेल्या वायरीला जोड दिला, आणि मागचे स्पीकर दोन उंच स्टुलांवर आप्पांच्या खुर्चीच्या मागे दोन्ही अंगांना ठेवले. त्या दिवशी पावसाचा प्रसंग लागला तेव्हा आप्पांनी मान वळवून खिडकीकडे बघितले. त्यांना वाटले बाहेर पाऊस आला. तुमचा संच चांगला आहे हे मी मोकळेपणाने सांगते. तक्रार तो विकल्यानंतर तुम्ही जे वागलात त्याची आहे.

कारण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट उघड झाली. उजवीकडचा मागचा स्पीकर आवाज जरा वाढला की फाटतो, कागद फडफडल्यासारखा. आधी त्यातून सगळ्यांबरोबर मिसळून आवाज येत होता म्हणून कळले नाही. भाच्याने डाव्या-उजव्या स्पीकरची जागा बदलून पाहिली. फडफड स्पीकरबरोबर डावीकडे गेली. म्हणजे दोष वायरीत किंवा ॲम्प्लिफायरमध्ये नाही, स्पीकरमध्येच आहे.

४ नोव्हेंबरला मी कोल्हापूर केंद्राला फोन केला. त्यांनी पिनकोड विचारला. ५९१२३७ म्हटल्यावर उत्तर आले, "मॅडम, तुम्ही कर्नाटकात येता, तुमचं हुबळीला." हुबळीला फोन केला. कानडी मला येते, त्यामुळे बोलण्याची काही अडचण नव्हती. तिथल्या बाईंनी बिल क्रमांक घातला आणि म्हणाल्या, हे बिल महाराष्ट्राचे आहे, आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाही, जिथे घेतले तिथे विचारा. पुन्हा कोल्हापूर. पुन्हा हुबळी. दोन महिन्यांत मी अकरा वेळा फोन केले. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक सोबतच्या कागदावर लिहिला आहे.

महोदय, कोल्हापूर निपाणीहून साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. कोगनोळीचा टोल नाका, दूधगंगेचा पूल, कागल, की आलेच. आमच्याकडची माणसे दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला आणि अंबाबाईच्या दर्शनाला रोज तिकडे जातात. हुबळी बेळगावच्याही पुढे, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. विकताना तुमच्या विक्रेत्याने याच पत्त्यावर माल पाठवला, पोचवण्याचे पैसे याच पिनकोडचे लावले, आणि जोडणीला माणूसही कोल्हापूरहूनच आला. तेव्हा पुलाची, म्हणजे हद्दीची, अडचण कोणाला आली नाही. ती दुरुस्तीच्या वेळीच का आली?

१ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही सीमाभागातली माणसे या हद्दीसह जगतो आहोत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कितीतरी कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची आयुष्ये त्यात गेली, आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे मागण्याचा माझा विचार नाही. पण तुमच्या वॉरंटी कार्डावर "संपूर्ण भारतात लागू" असे छापले आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथला ग्राहक कोल्हापुरात वस्तू घेतो, हे तुमच्या विक्रेत्यांना चांगले ठाऊक आहे. दसऱ्याच्या गर्दीत त्यांच्या दुकानात आमच्या बाजूची माणसे भरपूर असतात. त्यांच्यासाठी कुठले केंद्र, हे आधीच ठरवून बिलावर लिहायला हवे.

२२ नोव्हेंबरची गोष्ट तर मला फार लागली. मी शाळेत असताना आप्पांच्या फोनवर एक फोन आला. "तंत्रज्ञ निघालाय, भेट नोंदवायला ओटीपी सांगा." आप्पांना वाचता येत नाही म्हणून त्यांनी शेजारच्या मुलीकडून आकडे वाचून घेऊन सांगितले. कोणी आले नाही. संध्याकाळी मला मेसेज आला की तुमची तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढली आहे. नजर गेलेल्या ऐंशीच्या माणसाकडून आकडा काढून घेऊन तक्रार बंद करायची, हे तुमच्या कंपनीच्या नियमांत बसते का, याचे उत्तर मला लेखी हवे आहे. आप्पा दोन दिवस स्वतःलाच दोष देत होते.

डिसेंबरमध्ये मी नव्याने तक्रार नोंदवली. या वेळी व्हॉट्सॲपवर फोटो मागवले. मी पाठवले. फोटोत वायरीचा जोड दिसला, तर कळवले की "ग्राहकाने छेडछाड केली आहे, वॉरंटी रद्द." तो जोड का द्यावा लागला? तुमच्या तंत्रज्ञाने वायर कापली म्हणून. कापलेल्या वायरीचे टोक मी जपून ठेवले आहे. आणि वायरीच्या जोडाने स्पीकरचा पडदा फाटत नाही, हे तुमच्या कोणत्याही जाणत्या माणसाला विचारा.

वॉटबद्दल थोडक्यात. दुकानात मला "हजार वॉट" म्हणून संच विकला, खोक्यावरही तोच आकडा मोठा आहे. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, असे लिहिले आहे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर खरा आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, आकडा आहे: सबवूफर ६० आणि पाच स्पीकर प्रत्येकी १२, म्हणजे एकूण १२० वॉट. आमच्या सोप्याला १२० वॉट पुरतात, माझे काही अडले नाही. पण ग्राहकाला विकताना आरएमएसच सांगावा.

माझे म्हणणे असे आहे. उजवीकडचा मागचा स्पीकर वॉरंटीत बदलून द्यावा आणि वॉरंटी चालू असल्याचे लेखी कळवावे. कापून नेलेल्या दोन्ही वायरी पूर्ण लांबीच्या नव्या द्याव्यात. मातीच्या भिंतीला चालतील असे दोन स्टँड तुमच्या खर्चाने द्यावेत, कारण मोफत जोडणीची जबाबदारी तुम्ही घेतली होती आणि ती पार पाडली नाही. ५९१२३७ या पिनकोडची सेवा कोणते केंद्र देणार, त्याचे नाव आणि फोन कळवावा. आमच्या सोयीने ते केंद्र कोल्हापूरचेच असावे असे मी सुचवते. हे जमणार नसेल तर संच परत न्यावा आणि पोचवण्याच्या खर्चासह २५,१०० रुपये परत करावेत.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे. त्यामुळे मला तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी यावे लागणार नाही, बेळगावला जाऊन काम होईल. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार मी आजच नोंदवते आहे.

तंत्रज्ञ पाठवताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्याने रविवारी किंवा संध्याकाळी सहानंतर, मी घरी असताना यावे. आणि काम झाल्यावर लगेच ओटीपी मागू नये. आधी आप्पा त्यांच्या खुर्चीत बसून एक प्रसंग ऐकतील. मागचे दोन्ही स्पीकर नीट वाजत आहेत असे ते म्हणाले की आकडा मी स्वतः वाचून दाखवीन.

आपली,
बिलावरील ग्राहक,
निपाणी, जि. बेळगाव

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड व जोडणीच्या कागदाची प्रत, तक्रार क्रमांकांचा कागद, कापलेल्या वायरीचे व खोक्याचे फोटो.