आप्पा, गाडीत बसलात ना? मग ऐका

आई, आप्पा,

साष्टांग नमस्कार. हे भाऊच्या मोबाइलवर पाठवतेय. अडावदहून जळगावला पोचेपर्यंत वेळ आहे. आई, चष्मा लाव आणि मोठ्याने वाच. आप्पा, तुम्ही फोनवर मला बोलूच दिलं नाहीत.

पापड वाळत घातल्याचं सांगता सांगता आई सहज म्हणाली, "आज ह्यांच्या डाव्या डोळ्यावर पडदा आल्यासारखं झालं, पाच मिनिटांत गेलं." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तुम्ही बागेत उभे, वरून करडं काहीतरी खाली सरकलं. उजवा डोळा झाकलात तर समोरचा घड दिसेना, डावा झाकला तर सगळं लख्ख. तुम्ही म्हणता, ऊन लागलं. ऊन एकाच डोळ्याला लागतं होय? आणि मोतीबिंदू असा पाच मिनिटांसाठी येऊन जात नाही.

मी डॉक्टर नाही, डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, रेटिनाचे, फोटो काढते. पण तुमच्या ठिबकच्या भाषेत सांगते. मानेतून मेंदूकडे जाते ती मेन लाइन. कवटीत शिरल्यावर तिची पहिली मोठी फांदी डोळ्याला जाते आणि तिच्यातून केसाएवढ्या नळ्या पडद्यावर पसरतात. मेन लाइनच्या आत चरबीचा थर साचला आणि त्याचा कण सुटला, तर कधी तो डोळ्याच्या नळीत अडकतो. तो विरघळला, पुढे सरकला की नजर परत येते. पुढचा कण मेंदूत गेला तर? डावी लाइन मेंदूच्या डाव्या बाजूला जाते, म्हणजे उजवा हात आणि बहुतेक माणसांचं बोलणं. ड्रिपर चोकअप झाला की तुम्हीच आधी फिल्टर उघडता ना? आज मानेचा डॉप्लर, म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, त्यासाठीच.

हा आतला पडदा डोळ्याचा म्हणतात, पण तो मेंदूचाच. गर्भात केळीला बाजूने पील फुटावं तसा तो मेंदूतून बाहेर येतो. अंगातल्या रक्तवाहिन्या काही न कापता डोळ्यांनी पाहायच्या तर ही सगळ्यात चांगली जागा. 1851 साली हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन माणसाने त्यासाठी यंत्र काढलं, तेव्हापासून डॉक्टर तिथे डोकावतात.

दिवाळीत तुमचा फोटो मीच काढला होता, आठवतं? केशरी ताट, कडेला फिकट चकती, तिच्यातून निघालेल्या लाल रेषा. धमन्या बारीक झालेल्या, आणि जिथे धमनी शिरेवरून जाते तिथे शीर दोन्हीकडून चेपलेली. वर्षानुवर्षांच्या बीपीने धमनी जाड आणि कडक होते, तेव्हा असं दिसतं. डोळ्यात जे दिसतं तसंच मेंदूतल्या बारीक वाहिन्यांचंही होत असतं. अमेरिकेत दहा हजारांवर लोकांचे असे फोटो काढून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं. 2001 साली ते छापून आलं. ज्यांच्या पडद्यावर अशा खुणा होत्या त्यांना पक्षाघाताचा धोका जास्त निघाला, बीपी हिशेबात धरूनसुद्धा. डॉक्टरांनी तेव्हा गोळी सांगितली. तुम्ही अखजीच्या सणापर्यंत घेतलीत आणि "अशक्तपणा येतो" म्हणून सोडलीत. आईला माहीत होतं, मला नाही. यावर मी नंतर भांडेन.

घाई एवढ्यासाठी की अशा झटक्यानंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात जोखमीचे. भाऊ, वाटेत आप्पांचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, शब्द अडखळले, तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेव. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. दवाखान्यात आधी "एका डोळ्याची नजर पाच मिनिटं गेली होती" असं सांग, नुसतं "डोळ्याला अंधारी" म्हणू नकोस, नाहीतर चष्म्याच्या रांगेत बसवतील. गोळ्यांची जुनी चिठ्ठी आईच्या पिशवीत आहे.

बागेची काळजी करू नका. शेजारच्या काकांना फोन केलाय, लाइट आली की ते मोटर चालू करतील. कळण्याची भाकरी डब्यात आहे म्हणे. आप्पा, आधी रक्त तपासायला देऊन मग खा. आई, सोबतचं लोणचं तू खा, त्यांना देऊ नकोस.

मी सकाळच्या गाडीने निघतेय.

तुमची,
ताई