तासाचा दर काढताना भागाकार 26नेच व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिककडील सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या माझ्या परिचयातील काही कर्मचाऱ्यांना अलीकडे एक पत्र हातात पडले आहे. यापुढे त्यांचा पगार महिन्याचा नसेल, तासाच्या दराने हजेरीप्रमाणे निघेल आणि जादा तासांचे पैसे वेगळे मिळतील, असे त्यात लिहिलेले असते. पत्राची भाषा सौम्य असते आणि ‘आता तुम्हालाही ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांचे पैसे) मिळणार’ असे तोंडी सांगितले जात असल्यामुळे बहुतेक जण लगेच सही करतात. या बदलात कर्मचाऱ्याचे हित आहे की नुकसान, हे पत्राच्या भाषेवरून कळत नाही. ते तासाचा दर काढताना केलेल्या एका भागाकारावरून कळते, आणि नेमका तो भागाकार पत्रात कुठेही दाखवलेला नसतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी आयुष्याची नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये केली. हजेरीपट, रजेचे कार्ड, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या आणि महिनाअखेरीचे पगारपत्रक हेच माझे काम होते. तासाने पगार देण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. उलट, ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘लाइन इन-चार्ज’ असे पदनाम देऊन ज्यांना रात्री आठ-नऊपर्यंत थांबवून घेतले जाते आणि ‘तुम्ही स्टाफमध्ये आहात’ एवढेच उत्तर दिले जाते, त्यांच्या प्रत्येक तासाची नोंद झाली आणि त्याचा कायदेशीर मोबदला मिळाला, तर ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु हा बदल ज्या पद्धतीने होताना मी पाहिला, त्यात नोंद झाली, तास मोजले गेले आणि मोबदला मात्र कमी झाला.

एक उदाहरण आकड्यांसह मांडतो. माझ्या ओळखीतील एका तरुणाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 20,800 रुपये होते. पदनाम सुपरवायझरचे, पण दिवसभर काम स्वतः सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित मशीनवर. हाताखाली दोन हेल्पर, ज्यांची रजा मंजूर करण्याचाही अधिकार त्याला नाही. नव्या पत्रात त्याचा तासाचा दर 86 रुपये 67 पैसे लिहिला आहे. हा आकडा 20,800ला आधी 30ने आणि मग 8ने भागून आला, हे टाइम ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला क्षणात कळते. आता महिन्याचे 26 कामाचे दिवस आणि दिवसाचे 8 तास धरले, तर 208 तास भरतात आणि या दराने त्याचा पगार होतो सुमारे 18,027 रुपये. म्हणजे एकही दिवस खाडा न करता त्याचे दरमहा 2,773 रुपये गेले. पूर्वीच्या 20,800वर पोहोचण्यासाठी त्याला त्याच दराने आणखी 32 तास काम करावे लागते, आणि ते तो करतो. पगारपत्रकावर ‘ओव्हरटाइम 32 तास’ अशी ओळ येते आणि खालची एकूण रक्कम मागच्या वर्षीइतकीच राहते. घरी सांगायला पगार तेवढाच आहे, पण चार दिवसांची जादा मेहनत त्यात फुकट गेली आहे.

हेच गणित योग्य रीतीने केले, तर 20,800 भागिले 26 म्हणजे रोजचे 800 आणि तासाचे 100 रुपये. त्या 32 तासांना कायद्याप्रमाणे दुप्पट दर लावला, तर 6,400 रुपये आणि महिन्याची एकूण रक्कम 27,200. एकाच माणसाच्या, एकाच महिन्याच्या, तेवढ्याच तासांच्या कामाला एका पद्धतीने 20,800 आणि दुसऱ्या पद्धतीने 27,200 मिळतात. दिवाळीच्या महिन्यात कारखाना बंद राहून 22च दिवस भरले, तर 86 रुपये 67 पैशांच्या दराने हातात जेमतेम 15,253 रुपये पडतात, आणि घरात खर्च सर्वांत जास्त असतो तो नेमका त्याच महिन्यात.

भाजक 26 का, असे काही लेखापाल विचारतात. मासिक पगारात साप्ताहिक सुट्टीचे दिवस धरलेलेच असतात, म्हणून कामाच्या एका दिवसाचा दर काढताना कामाचे दिवसच धरायचे, हे त्यामागचे साधे कारण आहे. ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या उपदानाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात हीच पद्धत मान्य केली आणि पुढे ग्रॅच्युइटी कायद्यातच मासिक वेतनाला 26ने भागून 15ने गुणावे असे स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे त्याच कारखान्यातला तोच कारकून निवृत्त होणाऱ्याची ग्रॅच्युइटी काढताना 26ने भागतो आणि तासाचा दर ठरवताना 30ने भागतो. हे कोणत्या नियमाने, याचे उत्तर मागण्याचा प्रत्येक कर्मचाऱ्याला अधिकार आहे. 30नेच भागायचे असेल, तर महिन्याच्या साप्ताहिक सुट्ट्यांचे पैसेही वेगळे द्यावेत. दोन्हीकडून कापणे हा सरळ सरळ वेतन कमी करण्याचा प्रकार आहे.

दुप्पट दराबद्दल तर संदिग्धता ठेवण्याचे काही कारणच नाही. 1948च्या कारखाने कायद्याच्या कलम 59ने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांपुढच्या कामाला साधारण दराच्या दुप्पट मोबदला ठरवून दिला होता. साधारण दर म्हणजे मूळ वेतन अधिक भत्ते, नुसते मूळ वेतन नव्हे, हेही त्याच कलमात सांगितले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही दुप्पट दर कायम आहे आणि जादा कामासाठी कामगाराची संमती हवी, असेही म्हटले आहे. कोरोनाच्या काळात गुजरात सरकारने जादा तासांना साधाच दर देण्याची मुभा कारखान्यांना दिली, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना फरकाची रक्कम देण्यास सांगितले. जे राज्य सरकारला महामारीच्या काळातही करता आले नाही, ते एखादा कारखाना साध्या पत्राने कसे करू शकतो? ‘आमच्याकडे सिंगल ओटी आहे’, म्हणजे जादा तासांनाही साधाच दर, हे वाक्य आपल्या औद्योगिक वसाहतींत इतके सहज बोलले जाते की, नवीन लागलेल्या मुलांना तोच कायदा वाटू लागला आहे.

परदेशी मालकीच्या किंवा परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या काही कार्यालयांतून अमेरिकेतील पद्धतीचा दाखला दिला जातो, म्हणून त्याविषयीही लिहितो. तिथे 1938च्या कायद्यानुसार आठवड्याला 40 तासांपुढच्या कामाला दीडपट दर आहे. त्यातून सूट हवी असेल, तर कर्मचाऱ्याचे प्रत्यक्ष काम प्रशासकीय, व्यवस्थापकीय किंवा तत्सम स्वरूपाचे असावे लागते आणि त्याचा पगारही ठरावीक मर्यादेच्या वर असावा लागतो. ही मर्यादा 2020 पासून आठवड्याला 684 डॉलर आहे. ती वाढवण्याचा 2024चा नियम टेक्सासमधील संघीय न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. मर्यादा वाढण्याची चिन्हे दिसली की, तिथल्या मालकांपुढे दोन मार्ग उरतात: पगार वाढवून सूट टिकवणे किंवा कर्मचाऱ्याला तासाच्या दरावर आणणे. दुसरा मार्ग घेताना आठवड्याची एकूण रक्कम आधी कायम धरायची आणि अपेक्षित ओव्हरटाइम वजा करून तासाचा दर उलटा मोजत आणायचा, ही युक्तीही तिथे वापरली जाते. आपल्याकडे आलेली पत्रे पाहिली की, तीच रीत उचलल्याचे जाणवते. मात्र आपला कायदा वेगळा आहे. इथे दर दीडपट नाही, दुप्पट आहे, आणि तिकडची वर्गवारी इकडच्या हजेरीपटाला जशीच्या तशी लावता येत नाही.

आपल्याकडेही पर्यवेक्षकीय काम करणाऱ्यांसाठी वेतनाची मर्यादा आहेच. औद्योगिक संबंध संहितेत ती 18,000 रुपये आहे आणि तिच्यावर वेतन असलेला पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. पण तो खरोखर पर्यवेक्षण करतो का, हे नियुक्तिपत्रावरील पदनामाने ठरत नाही. त्याचे मुख्य काम कोणते, हे न्यायालये आजवर पाहत आली आहेत. दिवसभर मशीन चालवणाऱ्याच्या खिशाला ‘सुपरवायझर’ असा बिल्ला लावला, म्हणून तो पर्यवेक्षक होत नाही.

लहान उद्योजकांची अडचण मला ठाऊक आहे. नाशिकचे कितीतरी कारखाने मोठ्या वाहन आणि विद्युत उपकरण कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. मोठ्या कंपनीचे वेळापत्रक बदलले की, एका आठवड्यात मशीन रिकामे आणि पुढच्या आठवड्यात रविवारीही काम, आणि बिलाचे पैसे मात्र महिनोन् महिने अडकलेले, अशी त्यांची स्थिती असते. काम कमी असताना पूर्ण पगार देणे त्यांना जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही मागणीतील चढ-उताराची सगळी जोखीम 20,000 रुपये मिळवणाऱ्या माणसावर टाकणे योग्य नाही. तासाच्या दराबरोबर महिन्याला किमान 208 तासांच्या वेतनाची हमी लिहून दिली, तर मालकाला जादा तासांचा हिशेब ठेवता येईल आणि कामगाराच्या घराचा हप्ताही चुकणार नाही. गृहकर्जासाठी बँक पगाराच्या पावत्या मागते. दर महिन्याला वेगळा आकडा दिसला की, कर्जाची रक्कम कमी होते, ही गोष्ट पाथर्डी फाट्याकडे किंवा अंबडला घर घेऊ पाहणाऱ्या कुणालाही विचारावी.

तास मोजण्यातही गफलत होते. पहिल्या पाळीचा माणूस सातला मशीनवर उभा राहण्यासाठी पावणेसातलाच गेटवर अंगठा लावतो. पाळी संपली तरी मशीन पुसून, पुढच्या ऑपरेटरला चालू जॉबचे माप दाखवून तो दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर पडतो. बायोमेट्रिक यंत्रात दोन्ही वेळा नोंदल्या जातात, पण पगाराच्या संगणकात अर्ध्या तासाच्या आतील वेळ सोडून दिली जाते. सकाळी पाच मिनिटे उशीर झाला, तर मात्र अर्ध्या तासाचे पैसे कापले जातात. मासिक पगार असताना या मिनिटांनी फारसा फरक पडत नव्हता. तासावर पगार निघू लागल्यावर ती मिनिटे म्हणजे पैसा आहे, आणि नियम दोन्ही बाजूंना सारखाच लावला पाहिजे.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या तासांची मर्यादा नऊवरून बारावर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा 115वरून 144 तासांवर नेण्यास मंजुरी दिली, त्यामुळे हा विषय अधिकच निकडीचा झाला आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात शहरातील हॉटेले, दुकाने आणि गोदामांतही लांबलचक पाळ्या होणार. 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही जादा कामाला दुप्पट दर आहे, याची आठवण तिथेही ठेवावी लागेल.

माझी विनंती अशी आहे. कामगार उपायुक्त कार्यालय आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांनी मासिक वेतनातून तासाचा दर काढण्याची रीत उदाहरणासह मराठीत छापून प्रत्येक कारखान्याच्या सूचना फलकावर लावायला सांगावी. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना तीच रीत कळवावी. प्रामाणिकपणे पगार देणाऱ्या उद्योजकाला स्वस्त दरात माल देणाऱ्या शेजाऱ्याशी स्पर्धा करावी लागते, म्हणून यात त्यांचेही हित आहे. कामगार संघटनांनी हे लक्षात घ्यावे की, वेतन देण्याची पद्धत बदलणे ही सेवाशर्तींतील बदलाची बाब आहे आणि त्यासाठी पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ प्रमाणे लागणारी 21 दिवसांची नोटीस नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 40 प्रमाणेही लागते.

आणि ज्यांच्या हातात असे पत्र आले आहे, त्यांनी सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तासाचा दर कोणत्या भागाकाराने आला, दुप्पट दर कितव्या तासापासून सुरू होईल, आणि साप्ताहिक सुट्टी, सणाच्या सुट्ट्या व भरपगारी रजा यांचे पैसे कसे मिळतील. वेतन संहितेने पगाराची पावती देणे मालकावर बंधनकारक केले आहे. मागच्या बारा महिन्यांच्या पावत्या नीट जपून ठेवाव्यात, कारण कामगार कार्यालयात तक्रार दाखल करताना पहिल्यांदा त्याच मागितल्या जातात.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
सिडको, नाशिक