पीयूसी दरवर्षी, टायरची तपासणी पंधरा वर्षांनी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी मानेवाड्याला राहतो आणि गेली अकरा वर्षे बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत मोटारसायकलने ये-जा करतो. जाऊन-येऊन रोजचे ६० किलोमीटर धरले तर वर्षाकाठी सतरा-अठरा हजार किलोमीटर होतात, म्हणजे मागचे टायर मला साधारण सव्वा वर्षात बदलावे लागते. त्यामुळे या विषयात आपल्याला बरेच कळते, असा माझा समज होता. गेल्या जूनमध्ये पहिल्याच सरीला तो वर्धा मार्गावर उतरला. पुढचा ऑटो सवारी दिसताच जागच्या जागी थांबला, मी दोन्ही ब्रेक दाबले आणि मागचे चाक आडवे सरकत डावीकडे निघाले. वेग तीसच्या आसपास होता, म्हणून गुडघा खरचटण्यावर आणि डब्यातली भाजी रस्त्यावर सांडण्यावर निभावले.

चौकातले वाहतूक पोलीस धावत आले, त्यांनी गाडी बाजूला घ्यायला मदत केली आणि मग रीतीप्रमाणे कागदपत्रे पाहिली. परवाना, विमा, पीयूसी, डोक्यावरचे हेल्मेट, सगळे जागच्या जागी होते. ज्याच्यामुळे मी पडलो ते टायर आमच्या दोघांच्या मध्ये उभे होते आणि त्याच्याकडे दोघांपैकी एकानेही पाहिले नाही. पाहिले ते संध्याकाळी घराजवळच्या पंक्चरच्या दुकानातल्या काकांनी. मधल्या स्टँडवर गाडी चढवून त्यांनी चाक एकदा हाताने फिरवले आणि म्हणाले, "तुमचा टायर तं मधातून पुरा गोटा झाला ना जी, भाऊ. पाण्यात कसा धरन तो रोड?"

खरे सांगायचे तर मे महिन्यातच मला ते दिसले होते. टायरला दीड-दोन हजार रुपये लागतात, तेव्हा दिवाळीच्या बोनसपर्यंत ओढू, असा हिशेब मी केला होता. हा हिशेब नागपुरात बहुतेक दुचाकीस्वार करतात, आणि तो चुकीचा का आहे हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. त्यानुसार दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर, तर इतर वाहनांच्या टायरची १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. ०.८ मिलिमीटर म्हणजे किती हे डोळ्यांपुढे यावे म्हणून सांगतो : आपल्या खिशातले एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचे असते. म्हणजे नव्या टायरची साधारण पाच-सात मिलिमीटरची खाच झिजत झिजत एटीएम कार्डाच्या जाडीइतकी उरेपर्यंत कायदा आपल्याला सूट देतो. ही मर्यादा ओळखता यावी म्हणून कंपन्या खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे ठेवतात, आणि ते कुठे आहेत हे दाखवण्यासाठी टायरच्या कडेला लहानसा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे असतात. त्या खुणेच्या रेषेत पाहत गेले की उंचवटा सापडतो. भोवतालचे रबर त्या उंचवट्याच्या पातळीला आले की टायरचे आयुष्य संपले.

पाहण्याची जागा मात्र बरेच जण चुकतात. आपले जाणे-येणे बहुतांशी सरळ रस्त्याने असते, त्यामुळे मागचे टायर मधोमध झिजून सपाट होते आणि दोन्ही कडांच्या खाचा मात्र नव्यासारख्या दिसतात. गाडी साइड स्टँडवर उभी असताना वरून पाहणाऱ्याला त्या कडाच आधी दिसतात आणि तो "अजून खाचा आहेत की" म्हणून निघून जातो. मीही तेच केले होते. अशा मधून चपट्या झालेल्या टायरची आणखी एक ओळख गाडी चालवताना पटते : वळण घेताना गाडी हळूहळू न कलता एकदम पडल्यासारखी झुकते, कारण सपाट भाग संपून टायरच्या धारेवर ती एकाएकी चढते.

आता पावसाचा संबंध. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर तक्रार करत नाही; उलट खाचा नसल्याने त्याचे जास्त रबर रस्त्याला टेकते आणि पकड चांगलीच वाटते. आपल्याकडे पावसाचे चार महिने सोडले तर रस्ता कोरडाच असतो, त्यामुळे घासलेले टायर आठ महिने बिनबोभाट चालते आणि त्याच्यावरचा आपला विश्वास वाढत जातो. खाचांचे काम पाण्याला बाजूला वाट देण्याचे आहे. ती वाट नसली की पाणी रबर आणि रस्ता यांच्या मधे अडकते. त्यात पहिल्या सरीचे पाणी म्हणजे उन्हाळाभर साठलेली धूळ, सांडलेले तेल आणि झिजलेले रबर यांचा नुसता रेंदा. रस्त्याला टेकणारी जागा मुळात किती असते, याचा ढोबळ हिशेब कोणालाही करता येईल. मागच्या टायरमध्ये २९ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो. दोघे बसले असताना मागच्या चाकावर दीडशे किलो भार धरला, तर ७५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकते. दोन माणसांचा आणि गाडीचा बहुतेक भार तेवढ्यावर असतो.

खाच हा झाला एक निकष. दुसरा निकष वयाचा आहे, आणि विदर्भाच्या उन्हात तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. माझ्या सासऱ्यांची मोटारसायकल गुडघेदुखीमुळे चार-पाच वर्षे अंगणातच उभी होती. मेव्हण्याने ती चालवायला काढली तेव्हा टायरच्या खाचा जवळजवळ पूर्ण शिल्लक होत्या, म्हणून त्याला टायर बदलण्याची गरज वाटत नव्हती. मी कडेवरचा आकडा वाचला. टायरवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात; त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. तिथे '२३१४' होते, म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले टायर. अंगठ्याचे नख रुतवून पाहिले तर ते रुतत नव्हते, आणि कडेला केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडले होते. रबर ऊन आणि हवेतील ओझोन यांनी कडक होत जाते. टायरमध्ये त्यावर उपाय म्हणून एक मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो, पण चाक फिरले तरच तो नीट पृष्ठभागावर येतो. म्हणून नुसती उभी राहिलेली गाडी अनेकदा चालत्या गाडीपेक्षा लवकर भेगाळते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांपलीकडे खाचा कितीही असल्या तरी वापरू नये, असे काही मोठ्या कंपन्या सांगतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या शेडबाहेर गाडी लावणाऱ्याने दहाची वाट पाहू नये, हे माझे मत.

उन्हाळ्याच्या निमित्ताने एका गैरसमजाबद्दल बोलणे भाग आहे. 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. सकाळी २९ पीएसआय भरलेले टायर मे महिन्याच्या दुपारी तापून ३३ दाखवते, हे खरे आहे. परंतु गाडी बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा थंड टायरचाच असतो आणि ही वाढ गृहीत धरलेली असते. दुपारी चार पॉइंट हवा सोडणाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर निघते, तिच्या टायरची कड दर फेऱ्याला जास्त मुडपते, मुडपण्याने आणखी तापते, आणि जे टाळायचे होते तेच ओढवते. शिवाय कमी हवेचे टायर दोन्ही कडांनी आणि जास्त हवेचे मधून लवकर घासते, म्हणून झीज कुठे आहे यावरून मालकाची सवयही कळते. एकाच बाजूने घासलेले टायर दिसले तर चेन सेट करताना चाक तिरके बसले आहे का, ते मेकॅनिकला पाहायला सांगावे.

नागपूरच्या रस्त्यांचाही यात वाटा आहे. सिमेंटच्या रस्त्यांवर पाणी निघावे म्हणून पृष्ठभाग खरखरीत ठेवतात. त्यावर टायर लवकर घासते असे सगळेच म्हणतात, आणि माझा अनुभवही तसाच आहे. पण माझी खरी तक्रार रस्त्याच्या कडेची आहे. सिमेंटचा थर आणि बाजूचे गट्टू यांची पातळी कित्येक ठिकाणी जुळत नाही. ट्रकला वाट द्यायला खाली उतरलेली दुचाकी परत वर घेताना टायरची कड त्या धारेवर आपटते, आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी तिथे सुपारीएवढा फुगा येतो. असा फुगा आलेले किंवा आतले धागे उघडे पडलेले टायर खाचा शाबूत असल्या तरी त्याच दिवशी काढायचे असते. आत जुन्या टायरचा तुकडा घालून ते 'अजून चालवण्याचा' उद्योग आपल्याकडे सर्रास होतो. मी स्वतः तो दोनदा केला आहे आणि आता त्याची लाज वाटते.

पुढचे टायर तर कोणाच्याच गणतीत नसते. मागचे दोनदा बदलून होते तरी पुढचे गाडीबरोबर आलेलेच असते, कारण ते हळू घासते. वास्तविक जोरात ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो आणि थांबण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. मागचे घसरले तर सावरायला निदान क्षणभर मिळतो. पुढचे घसरल्यावर तेवढाही मिळत नाही.

नवे टायर घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. मला एकदा एका दुकानदाराने 'नवे' म्हणून दिलेले टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले; तेव्हापासून मी आकडा वाचल्याशिवाय पैसे देत नाही. आयएसआय चिन्ह, गाडीच्या पुस्तिकेतला आकार, भार आणि वेगाची खूण जुळली पाहिजे. '३.००-१८ ५२पी' मधील ५२ म्हणजे २०० किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे चाक चढवल्यावर लगेच पाहावे. झिजलेल्या टायरला पात्याने नव्या खाचा पाडून, काळे पॉलिश मारून अर्ध्या किमतीत विकलेला माल घेऊ नये. त्या खाचांखाली रबरच उरलेले नसते. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला निसरडा असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवावे. पावसाच्या आदल्या दिवशी टायर बदलून निर्धास्त होणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. बदल करायचा तो रोहिणीत करावा, मृगाची वाट पाहू नये.

आता प्रशासनाकडे वळतो. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते आणि गाडी प्रत्यक्ष तपासून घेण्याची वेळ नूतनीकरणालाच येते. मधल्या काळात टायरकडे अधिकृतपणे कोणीही पाहत नाही. पीयूसी मात्र दरवर्षी काढावी लागते, आणि त्या वेळी सायलेन्सरमध्ये नळी घालणाऱ्या माणसाचा हात मागच्या टायरपासून वीतभर अंतरावर असतो. त्याने प्रमाणपत्र अडवून धरावे असे माझे म्हणणे नाही, तसा त्याला अधिकारही नाही. परंतु खाच खुणेपर्यंत आली असेल तर तोंडी सांगण्याची सूचना परिवहन कार्यालयाने या केंद्रांना द्यावी. वाहतूक शाखेने हेल्मेटसाठी चौकाचौकात उभे राहताना मे अखेरचे दोन आठवडे दंड न करता टायर दाखवून द्यावेत. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरून घरोघरी सामान आणि जेवण पोहोचवणाऱ्या मुलांच्या गाड्यांपासून सुरुवात केली तर बरे होईल. त्यांचे टायर सगळ्यात आधी घासते, आणि टायरसाठी घालवलेला अर्धा दिवस त्यांना कमाईतून द्यावा लागतो.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. येत्या मे महिन्यात शहर पुरवणीत एका घासलेल्या टायरचे मोठे छायाचित्र छापावे, ज्यात कडेवरचा त्रिकोण, खाचेतला उंचवटा आणि तारखेचे चार अंक स्पष्ट दिसतील. माझे उतरवलेले टायर अजून घरात आहे. छायाचित्रासाठी हवे असल्यास कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक
मानेवाडा, नागपूर