तुझ्या वनलाइनमधला दीड महिना

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पटकथेचा ड्राफ्ट सलग वाचून काढला आणि मग पेन्सिल घेऊन पुन्हा बसले. नंदा मला फार आवडली. तेरावं झाल्यावर ती मुंबईला निघते आणि जाताना काकाच्या पाया पडते, तो सीन असाच्या असा ठेव. त्यातला एक शब्दही हलवू नकोस. परवा फोनवर तू म्हणालीस की इंटरव्हलनंतर काहीतरी बसत नाहीये, म्हणून तिथे वकिलाचा एक सीन टाकून सगळं समजावून सांगणार आहेस. तो सीन कृपा करून लिहू नकोस. हे पत्र त्यासाठीच आहे.

कथानकातलं भोक संवादाने बुजत नाही. पात्र खुलासा करायला लागलं की प्रेक्षक नेमका तिथेच सावध होतो, एरवी त्याच्या लक्षातही आलं नसतं. ब्लाउज काखेत उसवतो, आपण तिथे टाका घालतो, पण चूक कापताना झालेली असते. तुझी चूक सीन 38 मध्ये दिसते, पण ती झालीय खूप आधी.

आता ती कुठे झाली ते बघू. तुझ्या गोष्टीत बाप जातो, आणि आठ दिवसांत काका बापाची जमीन विकून मोकळा होतो. सातबाऱ्यावर नवीन मालकाचं नावसुद्धा लागतं. जमिनीच्या भांडणाचा एक ट्रॅक लिहिताना मी तलाठी कार्यालयात बरीच बसले होते, त्यामुळे हे वाचताना मी अडखळले. कुणी वारलं की आधी वारस नोंद होते. त्याचा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, गाव नमुना 6 या नोंदवहीत चढतो, नोटीस निघते, ती चावडीवर लागते आणि हरकतीला 15 दिवस असतात. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. मग आई दिराच्या नावे हक्कसोडपत्र करून देणार, त्याचा दुसरा फेरफार, पुन्हा 15 दिवस. मग खरेदीखत, तिसरा फेरफार, परत 15 दिवस. खरेदीखत मधेच उरकता येईल असं तू म्हणशील, पण घेणारा माणूस सातबारा स्वच्छ झाल्याशिवाय एवढे पैसे मोकळे करत नाही. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी किमान दीड महिना. तू तो खाऊन टाकलास.

शिवाय सही. बापाच्या पश्चात मुलगी पहिल्या वर्गाची वारस असते, हे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. 2005 च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मापासून हक्क दिला. मग नंदाच्या सहीशिवाय व्यवहार झाला कसा? वारस नोंदीच्या प्रतिज्ञापत्रात मुलीचं नावच न घालणं, हे आपल्याकडे सर्रास घडतं. काकाने तेच केलं असणार. नंदा यादीतच नाही, म्हणून तिला नोटीस गेली नाही. इथे कायदा वाकवावा लागत नाही, एक माणूस खोटं बोलला एवढंच पुरतं.

आणि आता सगळ्यात चांगली गोष्ट. तुझ्या सीन 14 मध्ये नंदा ऑफिसला फोन लावण्यासाठी रेंज शोधत तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर जाऊन उभी राहते. तू तो सीन तिची नोकरी दाखवायला लिहिलास, म्हणून तो सध्या नुसता पडून आहे. तिच्या मागच्या फळ्यावर ती नोटीस लाव. कॅमेऱ्याने तिकडे बघू नये, कुणी त्याबद्दल बोलू नये. नंतर जेव्हा तिला तारखा कळतील तेव्हा तिला आठवेल की ती तिथे पाठ करून उभी होती. त्याहून मोठं म्हणजे, ती नोटीस गावातल्या प्रत्येकाने वाचली होती. किराणावाल्याने, शाळेच्या बाईंनी, तेराव्याला जेवून गेलेल्या प्रत्येकाने. तुला वाटत होतं की गोष्ट काकाच्या लबाडीची आहे. मला ती गावाच्या गप्प बसण्याची वाटते, आणि तुझ्या पहिल्या वीस पानांत ती तशीच लिहिलेली आहे. तू गाळलेल्या त्या दीड महिन्यातच तुझा अख्खा दुसरा भाग आहे.

म्हणून माझा आग्रह असतो की खलनायकाची गोष्ट आधी लिहावी. पटकथेत नाही, वेगळ्या कागदावर. कॅलेंडर घे आणि काकाचा रोजचा दिवस मांड: भाऊ गेला त्या रात्री तो काय करत होता, मृत्यूचा दाखला कुणी आणला, तलाठ्याकडे पहिल्यांदा कधी गेला, घेणाऱ्याशी बोलणं भाऊ जिवंत असतानाच झालं होतं का. पडद्यावर यातलं दहा टक्केही येणार नाही. पण काका नंदाला जेवायला वाढतो तेव्हा त्याच्या खिशात कुठला कागद आहे हे तुला माहीत असेल, आणि त्याचं वागणं आपोआप बदलेल. सध्या तुझा काका नंदा खोलीत आली की जागा होतो आणि ती गेली की झोपी जातो.

त्यानंतर वनलाइन नव्याने कर. प्रत्येक सीन एका ओळीत, कार्डावर, आणि कार्डाच्या खाली लिही: या सीनच्या शेवटी कुणाला काय माहीत आहे. ही ओळ कंटाळवाणी वाटेल पण तीच सगळं पकडते. तुझ्या सीन 27 मध्ये नंदा 'तीन एकर' म्हणते, आणि तिला आकडा कळतो सीन 30 मध्ये. कार्डं जमिनीवर ओळीने लाव आणि दोन कार्डांच्या मधे मोठ्याने 'म्हणून' किंवा 'पण' म्हणून बघ. जिथे 'आणि मग' याखेरीज काही तोंडात येत नाही, तिथे सांधा नाही. इंटरव्हलनंतर सलग पाच कार्डांत तुझं 'आणि मग' चाललंय.

आता जे मला खरं बोलायचंय ते. तुझी नंदाची आई म्हणते, 'मला काय कळतंय, भाऊजींनी सही कर म्हटलं, मी केली.' सई, हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. तिला वाईला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागलं असेल. तिथे फोटो काढतात, अंगठा घेतात, ओळख पटवणारी दोन माणसं लागतात, दस्त तुम्हीच करून दिला का म्हणून विचारतात. नवरा जाऊन महिना झालेला नाही आणि ती बाई दिराच्या गाडीत मागे बसून तिथे गेली, रांगेत बसली, कॅमेऱ्याकडे बघितलं. तिला काहीच कळलं नाही असं तू म्हणू शकत नाहीस. तिला सगळं नसेल कळलं, पण काहीतरी कळलं होतं. मग ती मुलीला का बोलली नाही? दिराच्या आधाराने उरलेलं आयुष्य काढायचंय म्हणून? मुलगी लग्न होऊन जाणार, जमीन घरात राहावी असं तिलाही मनातून वाटतं म्हणून?

तू हा प्रश्न तिला विचारला नाहीस, आणि मला वाटतं भोक तिथे पडलं. आठ दिवसांत जमीन विकून टाकली की आईला काही ठरवायला वेळच उरत नाही, ती निर्दोष राहते. तर्क बिघडतो तिथे बहुतेक वेळा लेखकाने कुणालातरी वाचवलेलं असतं. तिला वाचवू नकोस. मी तुझी आई आहे, मला त्या आईची भीती वाटत नाही. तुलाही वाटू देऊ नकोस.

शेवटच्या मारामारीत तहसीलदाराची जीप येऊन उभी राहते, ती काढून टाक. योगायोगाने माणूस संकटात सापडला तर प्रेक्षक मान्य करतात, योगायोगाने सुटला तर नाही. सोडवणूक कथानकातूनच यावी, वरून उतरवलेल्या देवाकडून नको, हे ॲरिस्टॉटल दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेला. नंदाच्या हातात आता हरकत आहे. तिसऱ्या फेरफाराची मुदत संपायच्या आत तिचा अर्ज तलाठ्याच्या टेबलावर पडला की नोंद विवादग्रस्त ठरते, सगळं अडकतं. अर्जासाठी तिला आईचा जबाब हवा. शेवट तिथे आहे.

बारीकसारीक गोष्टींचा घोर लावून घेऊ नकोस. परळहून रात्री नऊच्या एसटीने निघालेली नंदा साडेअकराला वाईला पोचत नाही, सीनच्या मथळ्यात 'रात्र'चं 'पहाट' केलं की झालं. काकाकडे नवी गाडी कुठून आली, याचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. 'द बिग स्लीप' करताना पटकथाकारांनी मूळ कादंबरीच्या लेखकाला, रेमंड चँडलरला, विचारलं होतं की त्या ड्रायव्हरला मारलं कुणी. त्यालाही माहीत नव्हतं. 1946 चा तो सिनेमा लोक अजून बघतात, कारण त्यातल्या माणसांवरून नजर हटत नाही. ज्या भोकातून एखाद्या पात्राचं मन निसटतं ते बुजव, बाकीची राहू देत.

आणि दुरुस्ती दिसते तिथे न करता जितकी मागे करता येईल तितकी मागे कर. प्रतिज्ञापत्राचा उल्लेख सीन 9 मध्ये, सुतकात, चहाच्या कपांच्या गडबडीत एका वाक्यात यायला हवा. तिथे तो कुणाला टोचणार नाही.

संवादांना एवढ्यात हात लावू नकोस, नाहीतर आवडलेल्या वाक्यांसाठी सीन वाचवत बसशील. आधी काकाचं कॅलेंडर आणि नवी वनलाइन पाठव. पीडीएफ नको, वर्डमध्ये पाठव, म्हणजे मला मधे मधे लिहिता येईल. नंदाच्या आईचा निबंधक कार्यालयातला सीन मात्र लगेच लिहिलास तरी चालेल. तो मला सगळ्यात आधी वाचायचाय.

तुझी,
आई