बायबॅकचा भाव आणि बाजारभाव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर 2025 मध्ये इन्फोसिसने 18,000 कोटी रुपयांचा बायबॅक (म्हणजे भागधारकांकडून स्वतःचेच शेअर परत विकत घेणे) जाहीर केला, तेव्हा 1,800 रुपये हा भाव सर्वत्र ठळकपणे छापून आला आणि शेअर आता तिथवर चढणार, असा अनेकांचा समज झाला. त्या वेळी बाजारभाव 1,510 च्या आसपास होता. नोव्हेंबरात शेअर स्वीकारले जात असतानाही तो 1,600 च्या खालीच राहिला. कारण कंपनी घेणार होती फक्त 10 कोटी शेअर, म्हणजे भांडवलाच्या 2.41 टक्के.

आमच्या सोसायटीतील एका निवृत्त शिक्षकांकडे 55 शेअर होते आणि त्यांनी वहीत 55 गुणिले 1,800 असा हिशेब मांडून ठेवला होता. छोट्या भागधारकांच्या राखीव गटात 11 शेअरमागे 2 असे प्रमाण ठरले, तेव्हा त्यांच्या हक्काचे 10 शेअर निघाले. इतर भागधारकांसाठी तर हे प्रमाण 706 मागे 17 होते.

शेअर कमी झाल्याने प्रति शेअर नफा थोडा वाढतो हे खरे, परंतु त्यासाठी रोकडही कंपनीच्या तिजोरीतून जाते, हे सांगायचे राहून जाते. त्यातच 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार या बायबॅकची सगळी रक्कम लाभांश म्हणून भागधारकाच्या करपात्र उत्पन्नात धरली गेली. 30 टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याच्या हाती 1,800 पैकी फार तर 1,260 रुपयेच उरत होते, म्हणजे बाजारभावाहूनही कमी. खरेदीची किंमत भांडवली तोटा म्हणून पुढे वजा करता येत होती, पण त्यासाठी भांडवली नफा व्हावा लागत होता. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या संस्थापक मंडळींनी, या बायबॅकपासून दूर राहणे पसंत केले, ही बाब मला बोलकी वाटते.

अमेरिकेत काही कंपन्या ‘डच लिलाव’ करतात. कंपनी किमान व कमाल भाव सांगते, त्या मर्यादेत आपण कितीला विकू हे प्रत्येक भागधारक कळवतो आणि हवे तितके शेअर ज्या सर्वांत कमी भावाला मिळतील, तोच भाव सर्व स्वीकृत शेअरना दिला जातो. मालक खरोखर कितीला विकायला तयार आहेत, हे त्यातून बाजाराला कळते. इन्फोसिसचा 1,800 हा भाव मात्र कंपनीने स्वतः ठरवलेला होता.

म्हणून बायबॅकची बातमी देताना आपण भावाशेजारीच स्वीकृतीचे प्रमाण आणि करानंतर हाती येणारी रक्कमही छापावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक भागधारक वाचक, ठाणे