माँटिसेलोतल्या गाईडताईंना, अप्पांच्या वतीने

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून ताई म्हणते. गेल्या आठवड्यात व्हर्जिनियातल्या माँटिसेलोला, अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घरी, व्हीलचेअरवर एक म्हातारे गृहस्थ आले होते, कानाला मशीन लावलेले. ते माझे वडील. खटाव तालुक्यात ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते.

आदल्या दिवशी आम्ही दुसरा एक जुना वाडा बघितला. कोण कोण सेनापती, कोण कोण राजपुत्र येऊन गेले, ते तिथल्या गाईडने घडाघडा म्हणून दाखवलं. अप्पांनी विचारलं, "त्यांचे घोडे कोण सांभाळायचं?" तो हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना बाहेर बाकावर बसवा, खोळंबा होतोय." परतताना अप्पा चकार शब्द बोलले नाहीत. आठवलं की अजून पोटात तुटतं.

तुमच्याकडे ते गप्प राहायचं ठरवूनच आले होते. तुम्ही ४ नोव्हेंबर १८२४ ची गोष्ट सांगत होता. ८१ वर्षांचे जेफरसन, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले ६७ वर्षांचे फ्रेंच सेनानी लाफाएत, ३५ वर्षांनी भेटलेले मित्र, घरासमोर गळ्यात पडून रडले. तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण तुम्ही आपणहून त्या दोघांच्या बग्गीकडे वळलात. बग्गीबरोबर असलेला इस्रायल जेफरसनच्या गुलामांपैकी एक. दोघांचं बोलणं त्याने ऐकलं आणि जन्मभर जपलं. माणसाने माणसाचा मालक होऊ नये, गुलामांना शिकवावं, असं लाफाएत म्हणाले. जेफरसन म्हणाले, वाचायला शिकवावं. लिहायला शिकवलं तर खोटे कागद करतील.

अप्पांना शेवटचं नीट ऐकू आलं नाही. ते तुमच्या लक्षात आलं. तुम्ही व्हीलचेअरसमोर गुडघ्यावर बसलात आणि तेच वाक्य सावकाश पुन्हा सांगितलंत. त्यांच्याकडे बघून, माझ्याकडे नाही.

मग अप्पा बोलायला लागले. इस्रायलने ही आठवण सांगितली १८७३ मध्ये. त्याच वर्षी आमच्या जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं आणि त्यांनी ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. मी अडखळत भाषांतर करत होते. तुम्ही खिशातली छोटी वही आणि पेन अप्पांच्या हातात दिलंत. म्हणालात, "तुमच्या लिपीत त्याचं नाव लिहाल?"

अप्पांचा हात कापतो. 'इस्रायल'मधल्या स्र ला किती वेळ लागला! तुम्ही वही खालून धरून ठेवलीत. मागची मंडळीही थांबली, कुणी घड्याळ बघितलं नाही. कुठल्या कोण आम्ही, पण असं थांबणारी माणसं आहेत म्हणून म्हाताऱ्या आईबापांना घेऊन घराबाहेर पडायचा धीर होतो. खाली त्यांनी 'जोतीराव' लिहिलं आणि शिरोरेघ ओढली, फळ्यावर ओढायचे तशी, एका दमात. तुम्ही तिच्यावरून बोट फिरवलंत.

जेफरसन गेल्यावर, जानेवारी १८२७ मध्ये, तिथल्या १३० माणसांचा लिलाव मांडला गेला. इस्रायलही विकला गेला. पुढे पैसे भरून त्याने स्वतःला सोडवलं आणि ओहायोत जाऊन लिहावाचायला शिकला. हे तुम्ही निघताना सांगितलंत, ते अप्पा रोज कुणाला तरी सांगतात.

मी ते पान मागितलं तर तुम्ही म्हणालात, हे मी ठेवणार. काल रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "वही त्यांच्या खिशातच असेल ना गं?"

असेल, म्हटलं.

तुमची,
मास्तरांची मुलगी