लातूर-मुंबई रेल्वेत भेटलेल्या निलंग्याच्या मावशींना

मावशी, तुमचं नाव विचारायचंच राहिलं आणि नंबर ज्या मोबाईलमधे होता तो चोरीला गेला, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहायलोय. आठवतंय का बघा, स्लीपरचा डबा, तुमच्या मांडीवर धपाट्यांचा डबा, समोर आम्ही बापलेक, व्हिसाच्या कामाला निघालेले.

"कुठं चाललाव?" म्हणलात तुम्ही. बाबांनी एकदम ताठ बसून सांगितलं, थोरला अर्जेंटिनात असतो, त्याच्याकडं, तिथला मोठा धबधबा बघायला. तुम्ही धपाटं मोडत विचारलं, "पिवळ्या तापाची लस घेतलाव का?"

आम्हाला माहीतच नव्हतं! एजंट एका शब्दानं बोलला नव्हता. धबधब्याकडं तो ताप डासांमुळं होतो, आणि अर्जेंटिना आपल्या सरकारच्या यादीत आहे त्यामुळं लसीचं पिवळं पुस्तक नसलं तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, आणि लस निघायच्या निदान दहा दिवस आधी पाहिजे, हे सगळं तुमच्याकडनं कळलं, कारण तुमचा भाचा केनियाहून येऊन अडकला होता. वर सकाळी लेकीकडं जायचं सोडून तुम्ही आम्हाला सरकारी सेंटरपर्यंत नेलंत. बाबा साठीला टेकलेले, म्हणून डॉक्टरांनी लई चौकशी केली, मग दिली लस.

आता तिथलं सांगतो. आधी इबेराला गेलो, मर्सिडीस गावापासून १२० किलोमीटर, बराचसा कच्चा रस्ता, हाडं खिळखिळी. पण काय पाणथळ आहे हो! गवतामुळांची बेटंच्या बेटं पाण्यावर तरंगतात, मगरी ऊन खात पडलेल्या आणि कारपिंचो म्हणून एक जनावर, उंदराच्या जातीतलं पण डुकराएवढं, नावेकडं ढुंकून बघत नाही. इबेरा म्हणजे चकाकणारं पाणी, तिथल्या ग्वारानी भाषेत. इग्वासू म्हणजे मोठं पाणी. डास मात्र आपल्या पावसाळ्यातल्यासारखेच, तेव्हा तुमची आठवण निघायची.

इग्वासूला सगळे मिळून २७५ च्या आसपास धबधबे, त्यातला सैतानाचा घसा ८० मीटर खोल. बाबा कठड्याला धरून उभे, अंग सगळं भिजलेलं, आणि मला म्हणतात, "मिरजेची गाडी किती लिटरची होती रे?" २०१६ मधे लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं ना, ती. ५० वाघिणी, २५ लाख लिटर. इथं सरासरी सेकंदाला १५ लाखाच्या वर पडतं. बाबा जन्मभर एसटीत कंडक्टर, हिशोब तोंडपाठ, म्हणले "दोन सेकंद सुद्धा नाही लागत की." मग बराच वेळ गप्पच. मीही काही बोललो नाही, आमच्या गल्लीत तेव्हा आठवड्याला एक टँकर यायचा आणि आई घागरी लावून पहाटेपासून उभी असायची, ती आता नाही.

मुंबईत उतरल्यावर काउंटरवर खरंच पिवळं पुस्तक मागितलं. आमच्या पुढच्या माणसाकडं नव्हतं, त्याला बाजूला बसवलं. बाबांनी शर्टाच्या खिशातनं पुस्तक असं काढलं जसा पास दाखवावा, आणि त्या साहेबाला तुमची सगळी गोष्ट सांगायला लागले, मागं लाईन खोळंबलेली.

तुमच्यासाठी तिथल्या येरबा मातेचं पाकीट आणलंय, ते लोक नळीनं ओढत बसतात तो कडू चहा. बाबा गूळ टाकून पितात. निलंग्यात कुणी तुम्हाला ओळखत असलं तर निरोप द्या, आम्ही येतो.